मुंगीच्या रूपातला कोळी

ठाण्यात येऊरच्या पाड्यांकडे किंवा घोडबंदर रोडच्या जुन्या सोसायट्यांत आंब्या-फणसाची मोठी झाडं अजून टिकून आहेत. पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचं राज्य त्यांच्यावर असतं. या मुंग्या कडकडून चावतात, म्हणून आपण त्या फांदीपासून लांब राहतो. त्यामुळेच त्यांच्या रांगेपासून वीतभर बाजूला एकटीच फिरणारी एखादी 'मुंगी' आपल्या नजरेतून सुटते. तिचे पाय मोजा. ते आठ भरले, तर तो मिर्माप्लाटा प्लॅटॅलिऑइडिस नावाचा कोळी आहे. जुन्या पुस्तकांत तो मिर्माराक्ने या प्रजातीत सापडेल.

उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या साल्टिसिडी कुळातला हा सदस्य. जगभर ६,००० हून अधिक जाती असलेलं हे कोळ्यांचं सर्वांत मोठं कूळ आहे. भिंतीवर माशीवर झडप घालणारा, मान वळवून आपल्याकडे बघतोय असं वाटणारा घरातला केसाळ कोळी याच कुळातला. पण इथे ते रूप शोधून सापडत नाही.

मुंगीच्या शरीराचे तीन भाग ठळक दिसतात, कोळ्याचे दोनच. या कोळ्याच्या पुढच्या भागाला मध्येच खोल चिमटा पडलेला असतो, त्यामुळे डोकं आणि छाती वेगवेगळी भासतात. मागे बारीक लांब कंबर, रंग तांबूस-नारिंगी. डोक्याच्या बाजूंना काळे डाग असतात आणि ते मुंगीच्या डोळ्यांच्या जागी चपखल बसतात. मुंगीला स्पर्शिका असतात, कोळ्याला नसतात. ती उणीव तो पुढचे दोन पाय वर धरून, सतत हलवत भरून काढतो. या कुळाची ओळख असलेली उडीही तो क्वचितच मारतो. मुंग्या चालतात, म्हणून तोही चालतो.

हे सोंग मुंग्यांना फसवण्यासाठी नाही. मुंग्या एकमेकींना मुख्यतः वासावरून ओळखतात आणि हा कोळी हाती लागला तर त्याचे तुकडे करतात. त्याची नजर तीक्ष्ण असते, त्यामुळे मुंगी येताना दिसली की तो बाजूला सरतो. त्याला चकवायचं असतं ते इतर शिकाऱ्यांना. चावा आणि फॉर्मिक आम्ल यांमुळे मुंग्यांच्या वाटेला ते जात नाहीत. नुसता कोळी असता तर तो त्यांचा आयता घास ठरला असता. त्याचं स्वतःचं भक्ष्य मात्र छोटे कीटक.

नराची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. मादी हुबेहूब कामकरी मुंगी दिसते. नराचे जबडे मात्र इतके लांब, पुढे आलेले आणि टोकाला फुगीर असतात, की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालली आहे असंच वाटतं. या जबड्यांनी नर एकमेकांशी झुंजतात. त्याची किंमतही मोजावी लागते. नराच्या सुळ्यांत विषाची नळी नसते, म्हणून भक्ष्य त्याला भोसकूनच पकडावं लागतं. शिवाय तोंडात ओझं असलेली मुंगी सहज चावू शकत नाही, त्यामुळे मुंग्या खाणारे काही कोळी अशाच मुंग्या हेरतात. म्हणजे मुंगीसारखं दिसून नर एका शत्रूपासून वाचतो, तर दुसऱ्याच्या तावडीत सापडण्याची शक्यता वाढते.

याच्याच जवळच्या नात्यातल्या, मुंगीसारख्याच दिसणाऱ्या टॉक्सियस मॅग्नस या जातीबद्दल चिनी संशोधकांनी २०१८ मध्ये एक थक्क करणारी गोष्ट मांडली. तिची मादी पिल्लांना दुधासारखा प्रथिनयुक्त द्रव पाजते, तोही पिल्लं शिकार करायला लागल्यानंतरही.

ठाणे या कुळासाठी नवखं नाही. २०२१ मध्ये ठाणे परिसरातूनच एका नव्या जातीचं वर्णन झालं आणि २६/११ च्या हल्ल्यात कसाबला पकडताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला आयसियस तुकारामी हे नाव दिलं गेलं.

मुंगीरूपी कोळी शोधायचा तर मुंग्यांचं घरटं असलेल्या झाडाची डोळ्यांच्या उंचीवरची फांदी निवडा आणि रांगेत न चालणाऱ्या मुंगीवर लक्ष ठेवा. पानाखाली रेशमी आडोसा दिसला तर तिथेही थांबा. शंका आली की बोट हळूच जवळ न्या, स्पर्श न करता. खरी मुंगी जबडा उघडून अंगावर येते. कोळी मात्र पानाच्या मागे पळतो, नाहीतर धागा सोडून खाली लोंबकळतो. फोटो वरून आणि समोरून असे दोन्ही घ्या. समोरच्या फोटोत पुढचे दोन मोठे गोल डोळे आले, तर ओळख पक्की.

एक विनंती सोसायटीच्या कमिटीला. चावणाऱ्या मुंग्या म्हणून सगळ्या झाडावर औषध मारलं जातं, तेव्हा हा कोळीही मरतो, आणि मुंग्या गेल्या तर त्याच्या सोंगाला अर्थ उरत नाही. येण्याजाण्याच्या वाटेवरची तेवढी फांदी छाटली तरी काम भागतं.