लाल रंगाने खरंच भूक लागते का?

नवीन दुकान काढणाऱ्याला पाटीचा रंग सुचवायला दहा जण पुढे येतात. खाण्याचं दुकान आहे ना, मग लाल घे, लाल पाहिला की भूक लागते. पैशांचा व्यवहार असेल तर निळा, निळ्यावर लोक विश्वास ठेवतात. हिरवा म्हणजे ताजं, काळा म्हणजे भारी. मुंबईत पाकिटं आणि पाट्या डिझाइन करून देणाऱ्यांकडे हे सल्ले पाढ्यांसारखे पाठ असतात. मला ते धोक्याचे वाटतात, कारण त्यांच्या भरवशावर छोटा धंदेवाला आपले पैसे लावतो.

भुकेचाच दावा घ्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना वेगवेगळ्या रंगांच्या बश्यांतून खारा खाऊ दिला. लाल बशीतला खाऊ त्यांनी कमी खाल्ला. लाल खूण असलेल्या पेल्यातलं पेयही कमी संपलं. लाल म्हणजे थांबा, लाल म्हणजे धोका, हा अर्थ मनात इतका मुरलेला असतो की हात आखडता घेतला जात असावा, असा संशोधकांचा तर्क होता. प्रयोग लहान होता, त्यामुळे लाल रंग भूक मारतो असंही म्हणता येणार नाही. रंगाला औषधासारखा ठरलेला गुण नसतो, एवढं मात्र यातून नक्की कळतं. रंगाचं काम दोन गोष्टींवर चालतं. शेजारी काय आहे ही एक, आणि तो रंग आपण आजवर कशावर पाहत आलो ही दुसरी.

शेजाराचं महत्त्व ओळखलं ते मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात गालिचे आणि भिंतीवरचे पडदे विणत. तिथला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. शेव्रलने रंग तपासला, तर त्यात खोट नव्हती. काळ्याला लागून जे धागे विणले जात, त्यांच्यामुळे तो फिका दिसत होता. १८३९ साली त्याने यावर ग्रंथच लिहिला. आपला डोळा प्रत्येक रंग सुटा मोजत नाही, शेजारच्या रंगाशी सतत तुलना करतो. म्हणून करड्या रंगाचा एकच तुकडा पिवळ्यावर निळसर दिसतो आणि निळ्यावर पिवळसर.

रंगाची रेघ बारीक असली की मात्र उलटं घडतं. दादर पश्चिमेला फळवाल्याकडे नारिंगी जाळीत भरलेली संत्री पाहा. एक फळ जाळीतून काढून तळहातावर धरा, देठाजवळचा हिरवटपणा लगेच दिसेल. तेच परत जाळीत सरकवा, ते पिकल्यासारखं दिसायला लागतं. जाळीचे धागे बारीक असल्याने डोळा त्यांचा रंग सालीच्या रंगात मिसळून टाकतो. हा परिणाम विल्हेल्म फॉन बेझोल्ड या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १८७४ साली नोंदवला, आणि त्याचीही सुरुवात गालिच्यांच्या नक्षीतूनच झाली होती. फळवाल्याने बेझोल्ड वाचलेला नसतो, पण भेंडीला हिरवी जाळी आणि संत्र्यांना नारिंगी, हे बाजाराला पक्कं ठाऊक असतं. टोमॅटोवर ताणलेल्या लाल कापडाची गोष्ट वेगळी. तिथे कापडातून गाळून येणारा उजेडच लाल असतो, डोळ्याची फसगत तिथे कमी.

रानडे रोडसारख्या रस्त्यावर लाल-पिवळ्या फ्लेक्सची रांग लागलेली असते. तिथे आणखी एक लाल पाटी नजरेत भरेलच कशी? १९३३ साली हेडविग फॉन रेस्टॉर्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं होतं की सारख्या गोष्टींत एखादी वेगळी असली की तीच जास्त लक्षात राहते. तेव्हा रंग निवडण्याआधी दुकानासमोरच्या फुटपाथवर उभं राहून दोन्ही बाजूंच्या पाट्या पाहाव्यात. शेड कार्ड त्यानंतर उघडावं.

आता आठवणींकडे येऊ. स्टीफन पामर आणि कॅरेन श्लॉस या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली मांडलं की एखादा रंग आपल्याला किती आवडतो, हे त्या रंगाच्या वस्तू आपल्याला किती आवडतात यावर बरंचसं ठरतं. २०२० साली ३० देशांतल्या साडेचार हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रंग आणि भावना यांच्या जोड्या जगभर बऱ्याच सारख्या निघाल्या, पण देशागणिक फरकही होते. पांढऱ्याशी दुःख जोडणारे चीनमध्ये जास्त होते.

अशी जोडी नव्याने घडताना मुंबईने स्वतः पाहिली आहे. नवरात्राचे नऊ रंग आज परंपरेचेच वाटतात, पण वाराप्रमाणे रंग छापण्याची ही कल्पना या शतकाच्या सुरुवातीला एका मराठी दैनिकाने घरोघरी पोचवली. सणाला मुद्दाम करडी साडी घेण्याची रीत आपल्याकडे नव्हती. आता करड्याच्या दिवशी लोकलचा बायकांचा डबा करडा होतो, फोटो निघतात, आणि तो रंग सणाचा होऊन जातो. हे सगळं वर्षानुवर्षं तेच तेच दिसत राहिल्यामुळे. विलेपार्ल्यात जन्मलेल्या पारले-जीचा पिवळा-पांढरा पुडा टपरीवर लांबून ओळखू येतो, तोही असाच.

या ओळखीला कायदाही मानतो. आपल्या १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात रंगांच्या जुळणीचा स्पष्ट उल्लेख आहे. २००३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दंतमंजनाच्या लाल-पांढऱ्या डब्याच्या वादात कोलगेटच्या बाजूने निकाल देत अँकर या दुसऱ्या कंपनीला तसेच रंग वापरायला मनाई केली, कारण गिऱ्हाईक नाव वाचण्याआधी रंग ओळखतं.

पण सगळ्यांना रंग सारखे दिसत नाहीत, आणि डिझाइन करणारे नेमकं हेच विसरतात. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणं पुरुषांत जास्त आढळतं, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांत ते एकच असतं. पाकिटावर पूर्वी शाकाहारासाठी हिरवा गोल आणि मांसाहारासाठी तपकिरी गोल असे. अशा माणसाला दोन्ही जवळजवळ सारखेच. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल-नियमांनी तपकिरी गोलाचा त्रिकोण केला. मसाल्याच्या ‘तिखट’ आणि ‘मध्यम’ पाकिटांत फक्त लाल आणि हिरव्या पट्टीचा फरक ठेवला असेल, तर छापायला देण्याआधी दोन्हींची काळी-पांढरी प्रत काढून शेजारी ठेवावी. पट्ट्या सारख्याच करड्या दिसल्या, तर एका पाकिटावरची मिरची मोठी करावी.