फोर्कच्या टाचेतले चार मिलिमीटर

वाळूजची एमआयडीसी असो, जालन्याची रोलिंग मिल असो की लातूरच्या मार्केट यार्डाजवळचे गोदाम. शिफ्ट सुरू होताना फोर्कलिफ्टची चेकलिस्ट भरली जाते. टायर ठीक, ब्रेक ठीक, हॉर्न ठीक, खाली सही. यातले बरेचसे नजरेने कळते, हे खरेच. पण या यंत्राचे दोन घातक दोष नुसत्या नजरेला दिसत नाहीत. ते मोजावे लागतात.

पहिला दोष फोर्कच्या, म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या दोन पोलादी दातांच्या, टाचेत असतो. फोर्कचा उभा भाग जिथे वळून आडवा होतो, ती टाच. पॅलेटचे, म्हणजे माल रचलेल्या फळ्यांच्या चौकटीचे, वजन फोर्कला खाली वाकवू पाहते आणि त्याचा सगळ्यात मोठा ताण इथेच येतो. फोर्क जमिनीला टेकवून गाडी चालवली, तर घासतेही हीच जागा. पोलादी पट्टीची वाक सोसण्याची ताकद तिच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. ४० मिमीची टाच झिजून ३६ मिमी झाली, तर जाडी १० टक्केच घटली, पण ०.९ चा वर्ग ०.८१, म्हणजे ताकद जवळपास एक पंचमांशाने गेली. अडीच टन पेलणारी जोडी दोन टनांवर आली आणि नेमप्लेटवर अडीच टनच लिहिलेले राहिले! म्हणून १० टक्के झीज झाली की फोर्क बाद करतात, आणि तोही जोडीने. मोजणे अवघड नाही. उभ्या भागाची जाडी कॅलिपरने घ्यायची, मग टाचेची, आणि फरक बघायचा.

टाचेच्या आतल्या वळणावर केसासारखा तडा असू शकतो. जागा घासून स्वच्छ करून लाल रंगाचा डाय पेनिट्रंट मारायचा, थोड्या वेळाने पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. अशा फोर्कला 'वेल्डिंग मारून घेऊ' हा आपल्याकडचा हुकमी उपाय कधीच करू नये. फोर्कच्या पोलादाला तापवून-थंड करून ठरावीक कठीणपणा दिलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो बिघडतो आणि शेजारीच नवा तडा जाऊ शकतो.

दुसरा दोष मास्टच्या, म्हणजे फोर्क ज्यावरून वर-खाली होतात त्या उभ्या खांबांच्या, चेनमध्ये. चेन 'लांबली' असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणलेले नसते. पिना आणि पट्ट्यांची भोके झिजलेली असतात. पिच म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर. १९.०५ मिमी पिचच्या चेनचे १६ पिच नवेपणी ३०४.८ मिमी भरतात. तेच ३१४ मिमी भरले, म्हणजे ३ टक्के वाढ झाली, की चेन बदलायची. माप मात्र पुलीवरून सतत फिरणाऱ्या भागाचे घ्यावे. टोकाकडची चेन फारशी झिजत नाही, तिथले माप फसवे. चेनला नुसते वरून ग्रीस थापणेही चुकीचे. ते पिनांपर्यंत पोहोचत नाही आणि धूळ धरून ठेवते. तिथे तेल मुरवावे लागते.

दोन चेनचा ताण कमी-जास्त असेल, तर कॅरेज, म्हणजे फोर्क अडकवलेली चौकट, तिरके होते आणि माल एका बाजूला झुकतो. फोर्कलिफ्ट चार चाकांची दिसली तरी तोल तीनच बिंदूंवर असतो: पुढची दोन चाके आणि मागच्या ॲक्सलच्या मध्यावरची पिन. माल उंच गेला, की या त्रिकोणातून गुरुत्वमध्य बाहेर पडायला थोडासा तिरकेपणाही पुरतो.

हायड्रॉलिक पाइपची गळती हात फिरवून कधी शोधू नका. सुईएवढ्या भोकातून उडणारे तेल कातडीत घुसते; जखम बारीक दिसते, पण हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा.

आणि आपल्या मे महिन्याबद्दल. चाळिशी पार केलेल्या उन्हात बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचे पाणी लवकर आटते, तेव्हा पातळी नेहमीपेक्षा अधिक वेळा बघावी. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर भरावे. आधी काठोकाठ भरले तर चार्जिंगमध्ये द्रव फुगून ॲसिड बाहेर सांडते. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजनही निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडकू शकतो, आणि हलका असल्याने पत्र्याखाली साचतो. म्हणून चार्जिंगच्या खोलीला खिडकीपेक्षा छताजवळच्या झरोक्याची गरज जास्त. उन्हाची झळ नको म्हणून तो पोत्याने बुजवलेला असेल, तर आजच मोकळा करा.