पीएचपीमध्ये ‘तपासणं’ आणि ‘साफ करणं’ वेगळं व्हायला इतकी वर्षं का लागली

पीएचपी ही वेबसाइट बनवायची प्रोग्रामिंग भाषा. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली पीएचपी सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा तो वैयक्तिक वेबपानासाठी लिहिलेल्या छोट्या साधनांचा संच होता. फॉर्ममध्ये भरलेला मजकूर सहज हाती लागावा, यावर सगळा भर. याच सोयीतून ‘रजिस्टर ग्लोबल्स’ हे सेटिंग आलं. यूआरएलच्या शेवटी कुणी ‘ॲडमिन=१’ जोडलं की स्क्रिप्टमध्ये त्या नावाचं व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारी जागा, आयतं तयार. प्रोग्रामरने त्याला आधी स्वतः किंमत दिलेली नसेल, तर लॉगिनची तपासणी कागदावरच राहायची. २००२ मध्ये ४.२ आवृत्तीत हे सेटिंग मुळात बंद ठेवायला सुरुवात झाली.

खरा घोळ मात्र ‘मॅजिक कोट्स’ने घातला. बाहेरून आलेल्या प्रत्येक स्ट्रिंगमधल्या (मजकुराच्या तुकड्यातल्या) अवतरणचिन्हाआधी पीएचपी आपणहून बॅकस्लॅश (\) बसवायचं, म्हणजे ती स्ट्रिंग एसक्यूएल क्वेरीत, डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, तशीच चिकटवली तरी चालेल. नाहीतर त्या चिन्हापाशी मजकूर संपतो आणि पुढचा भाग आज्ञा म्हणून चालू शकतो. हेतू चांगला होता, नवशिक्यांना वाचवण्याचा. पण फॉर्ममध्ये मजकूर येतो तेव्हा तो डेटाबेसमध्ये जाणार, ईमेलमध्ये जाणार की पानावर छापला जाणार, हे भाषेला ठाऊक नसतं. ‘ओ'ब्रायन’ हे आडनाव पानावर ‘ओ\'ब्रायन’ असं उमटायचं. सावध प्रोग्रामरने वर आणखी एकदा एस्केप केलं, म्हणजे स्वतः बॅकस्लॅश लावले, की डेटाबेसमध्येच बॅकस्लॅश साठायचे, आणि नोंद दुरुस्त करून पुन्हा जतन केली की ते वाढत जायचे. एका सर्व्हरवर सेटिंग चालू, दुसऱ्यावर बंद. म्हणून त्या काळच्या कितीतरी प्रोग्रामांच्या सुरुवातीला सेटिंग तपासून बॅकस्लॅश काढून टाकणाऱ्या ओळी दिसतात. एवढं करून संरक्षणही अपुरंच होतं. चिनी अक्षरांच्या जीबीकेसारख्या काही बहुबाइट एन्कोडिंगमध्ये, म्हणजे एक अक्षर अनेक बाइटांत साठवणाऱ्या पद्धतींमध्ये, बॅकस्लॅशचा बाइट आधीच्या बाइटशी जुळून वेगळंच अक्षर बनतं आणि अवतरणचिन्ह मोकळं सुटतं.

माझ्या मते या सोयीचं सर्वांत मोठं नुकसान सवयीचं होतं. स्ट्रिंग योग्य आहे का हे तपासणं आणि ती पुढच्या ठिकाणासाठी सुरक्षित करणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिलं आत घेताना करायचं, दुसरं बाहेर देताना. मॅजिक कोट्सने दोन्ही दारातच उरकल्याचा भास निर्माण केला. क्वेरी आणि मजकूर वेगवेगळे पाठवणारी प्रीपेअर्ड स्टेटमेंट्स ‘मायएसक्यूएलआय’ आणि ‘पीडीओ’ या डेटाबेसशी बोलणाऱ्या एक्स्टेन्शन्समुळे पाचव्या आवृत्तीच्या काळात हाताशी आली, पण मॅजिक कोट्स आणि रजिस्टर ग्लोबल्स भाषेतून पुरते गेले ते २०१२ मध्ये, ५.४ आवृत्तीत.

तपासणीची हत्यारंही अशीच ठेचा खात सुधारली. मजकूर ठरावीक पॅटर्नशी जुळतो का हे पाहणारी सुरुवातीची ‘एरेग’ फंक्शन्स शून्य बाइटपाशी (शून्य किंमतीच्या बाइटपाशी) वाचणं थांबवायची. ‘फक्त अक्षरं आणि अंक’ अशी अट घातली, तरी शून्य बाइटच्या पुढे दडवलेला, पानावर कोड चालवणारा स्क्रिप्ट टॅग बिनदिक्कत पास व्हायचा. त्यांची जागा फिलिप हेझल यांच्या पीसीआरई या पॅटर्न जुळवणाऱ्या लायब्ररीवर बेतलेल्या ‘प्रेग’ फंक्शन्सनी घेतली. एरेग सातव्या आवृत्तीत काढून टाकलं. प्रेगमध्येही एक खाच आहे: पॅटर्नच्या शेवटचं डॉलर चिन्ह स्ट्रिंगच्या टोकाला असलेल्या नव्या ओळीच्या चिन्हाआधीसुद्धा जुळतं.

२००६ मध्ये ५.२ आवृत्तीसोबत फिल्टर एक्स्टेन्शन आलं. ईमेल, पूर्णांक, यूआरएल यांच्या तपासण्या भाषेतच मिळाल्या, आणि व्हॅलिडेट (तपासणं) व सॅनिटाइझ (साफ करणं) असे दोन गटही पडले. वापरताना भान हवं: ‘०’ हा वैध पूर्णांक आहे, पण निकाल काटेकोर तुलनेने पाहिला नाही तर तोच नापास ठरतो, कारण ढिल्या तुलनेत ० आणि ‘नापास’ सारखेच दिसतात. सॅनिटाइझ गटातल्या ‘स्ट्रिंग’ फिल्टरने जुनाच गोंधळ पुढे चालवला. ‘५<१०’ दिलं की तो टॅग समजून पुढचं सगळं खायचा आणि हाती ‘५’ उरायचा. २०२१ मध्ये ८.१ आवृत्तीने तो कालबाह्य ठरवला, हे फार बरं झालं.

आपल्या लिपीत लिहिणाऱ्यांसाठी मात्र काम इथे संपत नाही. लांबी सांगणारं ‘स्ट्रलेन’ फंक्शन बाइट मोजतं, त्यामुळे यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये ‘मराठी’ची लांबी १५ येते, ‘एमबी_स्ट्रलेन’ ५ सांगतं, कारण काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजली जातात, डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजणारं ‘ग्रॅफीम_स्ट्रलेन’ ३ देतं. नावाच्या रकान्यात युनिकोड (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) वापरून ‘युनिकोडमधलं कुठलंही अक्षर’ एवढीच अट ठेवली तर मात्रा नापास होतात, कारण युनिकोड त्यांना चिन्हांच्या गटात धरतं. तोही गट जोडला तरी ‘ऱ्य’ उरतोच. तो दोन प्रकारे टाइप होतो, आणि त्यातल्या एका प्रकारात न दिसणारं जोडचिन्ह असतं, जे अक्षर आणि मात्रा या दोन्ही गटांबाहेर आहे. त्याला पॅटर्नमध्ये वेगळी परवानगी द्यावी लागते. शिवाय युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या प्रक्रियेने, हे दोन प्रकार एक होत नाहीत, म्हणून साठवण्यापूर्वी कुठलं रूप धरायचं हे आपणच ठरवायचं.