बुचाचा बुरूज का निखळतो?

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत बोटभर उंचीच्या सैनिकांबरोबर त्यांचे रणगाडे आणि चिलखती गाड्याही लागतात. त्यांचे किट, म्हणजे सुटे भाग जोडून गाडी बनवायचे संच, तयार मिळतात. पण या छंदात मुरलेली माणसे एका किटचा सांगाडा, दुसऱ्याची चाके आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघालेल्या वस्तू एकत्र करून, कोणत्याच कारखान्यात कधी न बनलेली गाडी घडवतात. वेगवेगळ्या किटचे भाग असे एकमेकांत मिसळण्याला किटबॅशिंग म्हणतात, तर सगळेच मुळापासून घडवण्याला स्क्रॅचबिल्डिंग. माझ्या पहिल्या गाडीला मी शीतपेयाच्या बाटलीच्या बुचाचा बुरूज, म्हणजे तोफ धरणारा वरचा फिरता भाग, सुपरग्लूने चिकटवला होता. तिसऱ्या दिवशी टिचकी लागली आणि तो रंगाच्या पापुद्र्यासकट निखळला. त्या वेळी मी गोंदाला दोष दिला. तो दोष देणे चुकीचे होते.

किटचे भाग बहुधा पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असतात, आणि ते जोडण्यासाठी जे पातळ द्रव वापरतात त्याला गोंद म्हणणे खरे तर बरोबर नाही. त्यात ब्यूटाइल ॲसिटेट किंवा ब्यूटॅनोन यांसारखे द्रावक असते. पॉलिस्टायरीनचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबलचक साखळ्या. द्रावक पृष्ठभागात शिरले की त्या सैल होतात, दोन्ही भागांतल्या साखळ्या एकमेकींत मिसळतात, आणि द्रावक उडून गेल्यावर तिथे दोन तुकड्यांऐवजी एकच सलग प्लॅस्टिक उरते. हा सांधा पूर्ण मजबूत व्हायला काही तास, कधी एखादा दिवसही लागतो, कारण आत शिरलेले द्रावक बाहेर पडायला वेळ घेते. भाग आधी जुळवून धरावेत आणि फटीच्या तोंडाशी द्रवाने भिजलेला ब्रश नुसता टेकवावा. बाकीचे काम केशाकर्षण करते, म्हणजे अरुंद फट द्रवाला आपोआप आत ओढून घेते.

सुपरग्लूचा मार्ग वेगळा आहे. त्यातले सायनोॲक्रिलेट हे रसायन १९४२ मध्ये हॅरी कूव्हर आणि त्यांचे कोडॅक कंपनीतले सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत असताना हाती लागले, आणि ते सगळ्यालाच चिकटते म्हणून तेव्हा बाजूला टाकले गेले. गोंद म्हणून ते बाजारात आले १९५८ मध्ये. हवेतली आणि पृष्ठभागावरची किंचित ओल मिळताच त्याचे छोटे रेणू साखळीने जोडले जातात. त्यामुळे धातू, रेझिन, पुठ्ठा असे एकमेकांशी नाते नसलेले पदार्थही तो काही सेकंदांत जोडतो. मात्र हा थर ठिसूळ असतो. ताण सोसतो, पण आडवा धक्का लागला की तडकतो. मोठी फट भरायची असेल तर तिथे चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून वर सुपरग्लूचा थेंब सोडतात. अल्कधर्मी सोड्यामुळे तो क्षणात दगडासारखा घट्ट होतो. अशा वेळी बरीच उष्णता बाहेर पडते, आणि कापसावर किंवा सुती कापडावर हा गोंद सांडला तरी तसेच होते, म्हणून तो कापसाने पुसायला जाऊ नये.

मग बुचाचे काय झाले? बाटल्यांची बुचे पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएथिलीनची असतात. या दोन्ही प्लॅस्टिकांची पृष्ठऊर्जा पॉलिस्टायरीनपेक्षा कमी असते, म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावरचे रेणू बाहेरच्या द्रवाला फारसे ओढून घेत नाहीत. पाण्याचा थेंब तिथे पसरण्याऐवजी गोळा होऊन बसतो. गोंद आणि रंग यांचेही थोडेफार तसेच होते. किटच्या द्रावकात तर ही प्लॅस्टिके विरघळतच नाहीत. पॉलिश पेपरने घासून थोडा फरक पडतो, पण भरवशाचा उपाय यांत्रिक आहे: भोक पाडून त्यातून तारेची खीळ घालणे, किंवा बुचाभोवती पॉलिस्टायरीनच्या पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून तिची टोके एकमेकांना जोडणे.

त्यामुळे टाकाऊ वस्तू हाती आली की ती कशाची आहे, हे आधी विचारावे. पुष्कळ वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो: १ म्हणजे पेट (पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक), २ आणि ५ म्हणजे वर सांगितलेली हट्टी जोडी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. आकडा नसेल तर छोटा तुकडा कापून, साबणाच्या थेंबाने त्यावरचे हवेचे बुडबुडे घालवून, पाण्यात टाकावा. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिएथिलीन पाण्यावर तरंगतात. पॉलिस्टायरीनची घनता पाण्याच्या १.०५ पट असल्याने ते बुडते, पण त्याच पाण्यात भरपूर मीठ विरघळवले की वर येते. पेट आणि पीव्हीसी मात्र तळाशीच राहतात. जाळून ओळखण्याचा मार्ग कोणी सुचवलाच तर तो मनावर घेऊ नये, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू बाहेर पडतो. थर्मोकोल हेही पॉलिस्टायरीनच, फक्त हवेने फुगवलेले. म्हणूनच किटचे द्रावक किंवा स्प्रेचा रंग लागताच ते डोळ्यांदेखत खचते. त्यावर आधी पांढऱ्या पीव्हीए गोंदाचे दोन हात दिले की बचाव होतो.

पदार्थाइतकाच मापाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते फसलेल्या गाड्या बहुतेक इथेच फसतात. २८ मिलिमीटर म्हटल्या जाणाऱ्या मूर्तींमध्ये हे माप साधारणपणे तळव्यापासून डोळ्यांपर्यंतचे धरतात. खऱ्या माणसाची तेवढी उंची १.६ मीटरच्या आसपास असते. म्हणजे प्रमाण जवळजवळ १:५६ झाले. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन शर्मन रणगाडा सुमारे ५.८४ मीटर लांब होता; या प्रमाणात तो १०४ मिलिमीटर भरतो. एकदा ५६ने गुणायची सवय लागली की घरातल्या वस्तू वेगळ्याच दिसू लागतात. एक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा म्हणजे ५६ मिलिमीटरचे चिलखत, शर्मनच्या पुढच्या ५१ मिलिमीटर पत्र्याच्या अगदी जवळचे. पण तोच पुठ्ठा चाकांवरच्या मडगार्डला लावला तर गाडी खेळण्यातली वाटते, कारण खरे मडगार्ड जेमतेम काही मिलिमीटर जाड असते. तिथे साधा कागद शोभतो. तीन मिलिमीटर व्यासाची बॉलपेनची रिकामी रिफिल म्हणजे सतरा सेंटिमीटर जाडीची तोफेची नळी. रंगालाही हाच हिशेब लागू आहे. ०.०५ मिलिमीटरचा एक हात म्हणजे जवळपास तीन मिलिमीटरचा लेप, आणि असे पाच हात दिले तर रिव्हेटची डोकी त्याखाली गाडलीच जातात.

निरोगी डोळ्याला साधारणपणे एक कोनीय मिनिट (अंशाचा साठावा भाग) इतका बारकावा ओळखता येतो, म्हणजे एक मीटर अंतरावरून सुमारे ०.३ मिलिमीटर. १:५६ मध्ये ते सोळा-सतरा मिलिमीटर होतात, आणि त्याहून लहान बोल्टवर केलेली मेहनत टेबलाभोवतीच्या खेळाडूंपर्यंत पोहोचत नाही. आकाराचा अंदाज नजर मुख्यतः माणसाच्या अंगाशी जुळणाऱ्या खुणांवरून बांधते. हॅचमधून, म्हणजे गाडीत उतरायच्या झाकणाच्या तोंडातून, खांदे आत जायला हवेत, म्हणजे ते नऊ-दहा मिलिमीटर हवे. ते पाच मिलिमीटरचे झाले की अख्खी गाडी अचानक दुप्पट मोठी वाटू लागते.

वजन मात्र लांबीच्या घनाप्रमाणे घटते. ५६चा घन १,७५,६१६ होतो. तीस टनांचा रणगाडा त्या हिशेबाने १७० ग्रॅमच्या आसपास यायला हवा, आणि पोकळ प्लॅस्टिकची गाडी त्याहून खूपच हलकी असते. म्हणून पोटात नट आणि वॉशर चिकटवतात. गुरुत्वमध्य खाली जातो आणि लांब नळीमुळे गाडी पुढे कलत नाही. या नियमाचा एक फायदाही आहे. काटछेद वर्गाने घटतो आणि वजन घनाने, त्यामुळे मॉडेलची बारीक नळी स्वतःच्या भाराने वाकत नाही.

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, मारला की पुठ्ठा, प्लॅस्टिक आणि तार यांचे वेगवेगळे रंग आणि चमक झाकली जाते. त्यावरच्या रंगकामात सांध्यांच्या कडेने पातळ गडद रंग सोडतात, तोही केशाकर्षणानेच खोबणीत पळतो. तो सपाट पत्र्यावर साचून वाळला तर मात्र डाग मध्यभागी फिका आणि कडेला गडद होतो. कॉफीच्या डागाची कडाही अशीच गडद असते: थेंबाची कड जागच्या जागी धरली जाते, तिथले पाणी लवकर उडते, आणि ते भरून काढायला आतून येणारा प्रवाह रंगाचे कण कडेकडे वाहून नेतो. शिकागोच्या भौतिकशास्त्रज्ञांनी याचा उलगडा १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. साचलेला रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने टिपून घेतला तर ही कड उमटत नाही.

ते बूच पुढच्या गाडीत पुन्हा वापरले. तीस मिलिमीटर व्यासाचे ते बूच १:५६ मध्ये १.६८ मीटरचे होते, आणि शर्मनच्या बुरुजाच्या कड्याचा व्यास १.७५ मीटर होता; इतके जुळणारे टाकाऊ सहसा सापडत नाही. बुचाच्या कडेच्या उभ्या रेघा त्याची मूळ ओळख लगेच सांगतात, म्हणून त्याभोवती पॉलिस्टायरीनची पट्टी गुंडाळली. मध्यातून खीळ खाली सांगाड्यात उतरवली. बुरूज फिरायलाच हवा होता, आणि चिकटण्यास नकार देणारे ते प्लॅस्टिक खिळीभोवती अगदी सहज फिरते.