रिमोट ॲक्सेस व्हीपीएनमधील आयपी पत्त्यांचे दोष

रिमोट ॲक्सेस व्हीपीएनने (बाहेरून इंटरनेटमार्गे कार्यालयाच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणाऱ्या सोयीने) जोडलेल्या संगणकाकडे एकाच वेळी दोन आयपी पत्ते असतात : तो जिथे बसला आहे त्या नेटवर्कचा एक, आणि टनेलच्या, म्हणजे या सुरक्षित जोडणीच्या, आतील वापरासाठी व्हीपीएन सर्व्हरने दिलेला दुसरा. पडद्यावर ‘कनेक्टेड’ दिसते, पण फाइल सर्व्हर उघडत नाही, अशा तक्रारींत टनेल बहुधा ठीक असतो; बिघाड पत्त्यांत किंवा मार्गांत असतो.

टनेलचा पत्ता व्हीपीएन सर्व्हर स्वतःच्या राखीव साठ्यातून देतो किंवा कार्यालयातल्या डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणाऱ्या) सर्व्हरकडून मागून घेतो. विंडोज सर्व्हर असे पत्ते दहा-दहाच्या गटाने उचलतो. डीएचसीपीपर्यंत तो पोहोचू शकला नाही, तर वापरकर्त्याला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. मग वापरकर्त्याच्या संगणकात काही शोधण्यात अर्थ नाही, दोष सर्व्हरकडे आहे. उलट २५५.२५५.२५५.२५५ हा सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) आणि रिकामा किंवा ०.०.०.० असा गेटवे (नेटवर्कबाहेर जाण्याचा दरवाजा) पाहून अनेक जण घाबरतात. विंडोजच्या अंगभूत व्हीपीएन जोडणीत हे अगदी नेहमीचे आहे; तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नसते.

सर्वांत चिवट दोष पत्त्यांच्या टकरीचा. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटविषयक दस्तऐवजाने खाजगी वापरासाठी १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे तीन पट्टे राखून ठेवले (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका पट्टा लहान). घरगुती राउटर बहुधा १९२.१६८.०.०/२४ किंवा १९२.१६८.१.०/२४ वापरतात, आणि कित्येक कार्यालयांतही तेच पट्टे असतात. कार्यालयाचा सर्व्हर १९२.१६८.१.२० वर असेल आणि घरचे नेटवर्कही १९२.१६८.१.०/२४ असेल, तर संगणक त्या सर्व्हरला घरातच शोधतो. पॅकेट, म्हणजे पाठवलेला माहितीचा तुकडा, टनेलमध्ये शिरतच नाही. व्हीपीएनने १९२.१६८.०.०/१६ चा मार्ग दिला तरी उपयोग होत नाही, कारण अधिक नेमका मार्ग, म्हणजे घरचा /२४, वरचढ ठरतो. इतर पट्ट्यांतले सर्व्हर मात्र चालतात, म्हणून तक्रार ‘काही उघडते, काही नाही’ अशी येते. घरच्या एखाद्या प्रिंटरला तोच पत्ता असेल, तर पिंगला (पत्ता उत्तर देतो का हे पाहणाऱ्या हाकेला) उत्तरही येते आणि तपास भलत्याच दिशेला जातो. वेगळ्या पट्ट्याच्या हॉटस्पॉटवरून जोडून पाहिल्यास शंका लगेच फिटते.

एकाच सर्व्हरपुरता /३२ मार्ग दिल्यास तात्पुरते भागते. व्हीपीएन गेटवेवर नॅट (जाता-येता पत्ते बदलणारी सोय) लावून कार्यालयाचा पट्टा दुसराच दाखवता येतो, पण त्याची देखभाल किचकट असते. खरा इलाज कार्यालयाने सहसा न आढळणारा पट्टा निवडणे हाच आहे. प्रत्येक वापरकर्त्याला घरचा राउटर बदलायला लावणे अन्यायाचे आहे.

विंडोजमध्ये ‘रिमोट नेटवर्कवरील डिफॉल्ट गेटवे वापरा’ ही खूण काढली, की इंटरनेटची वाहतूक टनेलबाहेर जाते आणि कार्यालयासाठी टनेलच्या पत्त्याच्या जुन्या वर्गानुसार (पत्त्याच्या सुरुवातीवरून पट्ट्याचा आकार ठरवण्याच्या जुन्या पद्धतीनुसार) एकच मार्ग तयार होतो. १०.५.०.७ मिळाला तर सगळा १०.०.०.०/८ टनेलमधून जातो, १९२.१६८.५.७ मिळाला तर फक्त १९२.१६८.५.०/२४. अशा वेळी १९२.१६८.१०.० मधला सर्व्हर दिसत नाही. त्याचा मार्ग वेगळा द्यावा लागतो.

परतीचा मार्ग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. टनेलचा पट्टा कार्यालयाच्या सबनेटहून वेगळा असेल, तर आतल्या राउटरला तो पट्टा व्हीपीएन सर्व्हरमागे आहे हे सांगावे लागते. पट्टा तोच असेल, तर व्हीपीएन सर्व्हरने वापरकर्त्यांच्या वतीने एआरपीला (‘हा पत्ता कोणाकडे आहे?’ या नेटवर्कमधल्या विचारणेला) उत्तर दिले पाहिजे. आतल्या सर्व्हरवर पॅकेट टिपून पाहावे : विनंती पोहोचली, उत्तरही निघाले, पण ते वापरकर्त्यापर्यंत आले नाही, तर दोष इथेच.

तपास विंडोजवर पत्ते आणि मार्ग दाखवणाऱ्या आयपीकॉन्फिग आणि रूट प्रिंट या आज्ञांपासून सुरू करावा. लिनक्सवर आयपी ॲड्रेस आणि आयपी रूट. मग क्रमाने व्हीपीएन सर्व्हरचा आतला पत्ता, कार्यालयातला एखादा सर्व्हर आणि शेवटी त्याचे नाव पिंग करावे. पत्त्याने उत्तर येते पण नावाने येत नाही, तर प्रश्न डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा, आहे. पिंगला कुठेच उत्तर नसेल, तर आधी फायरवॉल पाहावी. ती पिंग अडवत असेल, तर मार्ग चांगला असूनही तुटलेला वाटतो.