बेळगावच्या पाटीतले ८९६

माझी भाची कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत पाचवीत आहे. मराठी भराभर वाचते, पण बसवरची कन्नड पाटी आली की अडखळते. तिच्यासाठी मी एआयला साध्या मराठीत सांगितलं: "एकाच एचटीएमएल फाइलमध्ये खेळ बनव. मराठी शब्दाची अक्षरं सुटी दाखव, मुलीनं त्यांवर कन्नड अक्षरं ओढून ठेवायची." खेळ लगेच तयार झाला. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडला, तर 'खानापूर'चे चौकोन सात! एकात ख, दुसऱ्यात नुसता काना, ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेला.

संगणकाकडे अक्षरं नसतात, क्रमांक असतात. काना, वेलांटी, हलन्ताची खूण, प्रत्येकाला वेगळा क्रमांक. म्हणून आपलं एकच अक्षर 'स्त्री' तिथे सहा क्रमांकांचं होतं. एआय पुढचा संभाव्य तुकडा ओळखत कोड लिहितो आणि तो शिकलाय बहुतेक इंग्रजीतल्या कोडवर, जिथे एक अक्षर म्हणजे एक क्रमांक. "काना, मात्रा, जोडाक्षर तोडू नकोस" हे प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला दिलेल्या सूचनेत, घातलं आणि चौकोन चार झाले.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. संगणकातले हे क्रमांक ठरवणाऱ्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत मराठी क २३२५, कन्नड क ३२२१. ग २३२७, कन्नड ग ३२२३. आपला ळ २३५५, त्यांचा ३२५१. वजाबाकी करून बघा, दर वेळी ८९६! हा योगायोग नव्हे. १९८८ सालच्या 'इस्की' या भारतीय संकेतप्रणालीत ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना एकच मांडणी दिली होती. १९९१ साली युनिकोड आलं, त्यानं तीच उचलली. म्हणजे मराठी शब्दाच्या प्रत्येक क्रमांकात ८९६ मिळवा, शब्द कन्नड लिपीत उभा! एआयला हे सूत्र दिलं आणि कोड निम्म्यावर आला.

संगणकाला एखादी भाषा जवळची असते का? 'नासानं संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवलं' हा निरोप व्हॉट्सॲपवर सारखा फिरतो. मुळात तो १९८५ सालचा, नासातले संशोधक रिक ब्रिग्ज यांचा लेख. संस्कृत व्याकरणकारांची वाक्यार्थ उलगडण्याची रीत आणि संगणकात ज्ञान मांडण्याची रीत यांतलं साम्य त्यात दाखवलंय. नासानं काही ठरवलेलं नाही. संगणकाला २३२५ आणि ३२२१ सारखेच.

सूत्र फसलं ते 'बेळगाव'वर. भाची म्हणाली, "मामा, स्टँडवरच्या पाटीत हा 'बे' असा नाही की!" बरोबर होतं तिचं. कन्नडमध्ये ए दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ. ओसुद्धा दोन. आपल्या मात्रेत ८९६ मिळवले की ३२७१ येतो, तो दीर्घ. २०१४ पासूनच्या अधिकृत 'बेळगावि'त आहे ऱ्हस्व, ३२७०. एका आकड्यानं चूक, शिवाय शेवटची वेलांटी राहिलीच.

एआयनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आता प्रॉम्प्टमध्ये लिहिलंय: "ए आणि ओ आपोआप बदलू नकोस, दोन्ही रूपं समोर ठेव. गावांची नावं फक्त माझ्या यादीतून घे." यादी भाची पाट्यांवरून उतरवते आहे. नंदगड, लोंढा, बिडी झाली, जांबोटी राहिलंय.