‘परिसर’, ‘पर्यावरण’ आणि शाळेबाहेरचा निसर्ग

मुलांची चिडचिड आणि एकलकोंडेपणा यांवर उतारा म्हणून ‘त्यांना निसर्गात न्या’ हे आता पालकसभांतही ऐकू येतं. त्याला जोर आला टाळेबंदीनंतर. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा शहरांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांसाठी उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. शाळेने मुलाला झाडामातीशी कसं जोडावं, हा घोळ मात्र जुना आहे.

१९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने भरलेल्या वर्धा शिक्षण परिषदेत हातच्या कामातून शिक्षण ही कल्पना पुढे आली. पुढे डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर, गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. ‘कुरणशाळा’ हे नाव तेव्हाचं. बिया, शिंपले, खडे हीच तिथली शैक्षणिक साधनं.

खरा वाद १९९१ पासूनचा. त्या वर्षी २२ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवण्याच्या बाजूने कौल दिला. चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवण्याचा आदेशही त्यातच होता. अंमलबजावणी रखडली, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने शालेय अभ्यासक्रमच मागवून घेतला. मग प्रश्न आला: स्वतंत्र विषय ठेवायचा, की भाषा, भूगोल, विज्ञान यांत मिसळायचा? २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा कल मिसळण्याकडे होता. स्वतंत्र विषयवाल्यांचं म्हणणं होतं की, मिसळलेलं कुणीच शिकवत नाही, आणि त्यात तथ्य होतं. पण दोन्ही बाजूंचं भांडण धडा कुठल्या पुस्तकात छापायचा यावर चाललं. मूल आठवड्यातून किती वेळ उघड्यावर असेल, हे त्या भांडणात मागेच राहिलं. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला स्वतंत्र विषय आला, प्रकल्पवही आली आणि तिच्यामागोमाग उतरवून काढायचे तयार प्रकल्पही आले. नदीकाठी न जाता ‘नदी प्रदूषण’ लिहून होतं, याचं फार वाईट वाटतं.

शब्दांनीही गोंधळ वाढवला. प्राथमिक शाळेत आपल्याकडे ‘परिसर अभ्यास’ आहे, पण परिसर म्हणजे विहीर, बाजार, पोस्ट, गावचा इतिहास, सगळंच. चौथीच्या ‘परिसर अभ्यास भाग २’ मध्ये तर शिवछत्रपतींचं चरित्र आहे. ते हवंच, पण त्यामुळे ‘परिसर शिकवला’ या वाक्यातून मूल झाडाखाली बसलं की नाही ते कळत नाही. वरच्या वर्गांतलं ‘पर्यावरण’ संकटाची भाषा बोलतं: प्रदूषण, तापमानवाढ, ऱ्हास. गोडी लागण्याआधीच मुलाच्या वाट्याला काळजी येते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सुचवले. राज्यात २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’, म्हणजे नेहमीच्या धड्यांऐवजी उपक्रमांचा शनिवार, आला. दुसरीकडे, २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाल्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, तेही समजण्यासारखे. परिणामी शनिवार मोकळा असला तरी वर्ग ओढ्यापर्यंत न्यायचा, तर जोखीम मुख्याध्यापकांनाच पत्करावी लागते, आणि बरेच शनिवार शाळेच्या आवारातच उरकतात.